तुटक्या पानाची खूण

अप्पा, त्या सकाळी मी अंगणातली राख झाडत होते. होळी तोंडावर आलेली, आणि साखरेच्या गाठीच्या दिवसांत आपल्या घरातलं पहिलं काम राखेचं असायचं. वीज केंद्राच्या धुराड्यांतून ती रात्रभर उतरायची. पत्र्यावर, बेलाच्या पानांवर, वाळत टाकलेल्या दोऱ्यावर. आधी खराट्यानं झाडायचं, मग सडा, मग ओल्या फडक्यानं ओटा पुसायचा, आणि त्यानंतरच साखरेच्या पोत्याचं तोंड उघडायचं. 'साखरंत राख दिसली तर गिऱ्हाईक देवालाबी सोडत न्हाई, मला काय सोडंल,' असं तुम्ही म्हणायचात. माय आत भाकरी थापतेय, तुम्ही भट्टीत कापसाच्या पऱ्हाट्या सारताय, धाकटा भाऊ अजून पांघरुणात आहे. मी हौदातून भिजलेले लाकडी साचे काढून भिंतीला तिरपे लावते. दारातून उन्हाची एक पट्टी आत आलीय आणि तिच्यात राखेचे कण तरंगतायत. मी थांबून बघत राहते. कुठं जायचं ते ठरवून आलेत असं काही वाटत नाही, पण कोपऱ्यात जिथं आधीच थोडी राख आहे, तिथंच ते जाऊन बसतात. 'काय बघायलीस गं?' तुम्ही विचारता. 'राख.' 'राख बघून कुनाचं पोट भरलंय का? साचे आण इकडं.'

त्याच सकाळी तुम्ही पहिल्यांदा मला पाक ओतू दिलात. दुधाचा हबका मारून मळी काढलेला पाक, कढईत मोठे बुडबुडे येऊन फुटतायत. साच्याच्या खालच्या फळीत पानं, फुलं आणि पिंड कोरलेली, आणि त्या सगळ्यांच्या मधून एक खाच. खाचेत दोरा ताणायचा, वरची फळी बसवायची, आवळायचं, आणि वरच्या भोकांतून पाक सोडायचा. निवलं की उघडायचं. दोऱ्यात ओवलेली साखरेची माळ तयार. शंभर वेळा बघितलेलं काम. मी फळी बसवली, आवळली, ओतलं. तुम्ही पुढं दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होतात. परत आलात, साच्याच्या दोन्ही टोकांकडं बघितलंत आणि म्हणालात, 'शेपटं कुठं हायेत?'

दोरा घालायचाच राहिला होता. साचा उघडला तर आत एकेक पान, एकेक फूल सुरेख उठलेलं, पण सुटं. उचललं की एकच हातात यायचं, बाकीची तिथंच. मी म्हटलं, 'साखर तर तीच हाय की अप्पा.' त्यावर तुम्ही जे बोललात ते मला अजून तुमच्या आवाजात ऐकू येतं. 'साखर समद्यांना दिसती, दोरा कुनाला दिसत न्हाई. पर दोऱ्याबिगर ती पोराच्या गळ्यात पडत न्हाई की गुढीवर चढत न्हाई. आधी दोरा, मग साखर.' पण ती सुटी पानं तुम्ही परत कढईत टाकली नाहीत. माझ्या परकराच्या ओच्यात ओतलीत. 'जा, गल्लीतल्या पोरींना वाट. अन् पुन्यांदा चुकू नगंस.' रागावणं आणि खाऊ एकाच हातानं देणारा माणूस मला नंतर एकच भेटला, सासरी, आणि तोही आता नाही.

हे सगळं इतक्या वर्षांनी कशासाठी लिहितेय ते सांगते. काल मी परळीहून परत आले. भावानं भट्टी बंद केलीय. त्याला दोष देत नाही. हल्ली गाठी यंत्रावर होते, दुसऱ्या जिल्ह्यातून खोकी भरून येते, आणि पऱ्हाट्यांच्या धुरात उभं राहायला माणूस मिळत नाही. तिथं तो मोबाईलचं दुकान टाकणार आहे. साचे एका माणसाला द्यायचे ठरलेत. तो ते नेऊन मोठ्या हॉटेलांत भिंतींना लावतो म्हणे. परवा तो टेम्पो घेऊन येणार आहे. त्या साच्यांत तुमचा पहिला साचाही आहे, तुटक्या पानाचा. तो मला हवा आहे, अप्पा. आणि मी तो मागितला नाही.

मागितला नाही, कारण माहेरात मागायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. माझी पाठवणी होत होती, मी चुलत्याकडं बघून कसल्याशा पितळी डब्याबद्दल काही बोलले, आणि तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, 'पोरी, मागून घेतलेली साखर कडू लागती. माणसानं दिलं तर घ्यावं.' मी ते पदराला बांधून नांदूरघाटला आले. तुमच्या माघारी घराची हक्कसोड करायची वेळ आली तेव्हा मी राजीखुशीनं सही केली, भावानं साडी दिली, ती नेसून परत आले. आता साच्यासाठी तोंड उघडलं तर भावजयीला वाटेल, सही करून बसली आणि आता फळकुटांवर आली. काल संध्याकाळी एसटीत बसेपर्यंत ते शब्द माझ्या दातांपर्यंत येत होते आणि मी गिळत होते.

पण मी तुम्हाला खरं तर दुसरंच सांगायला बसलेय. काल त्याच भट्टीच्या ओट्यावर मी आपलं आकाश बनताना पाहिलं.

भावाची थोरली सुट्टीला आलीय. ती पुण्याला शिकते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण तिची हनुवटी तुमची आहे. घरात सगळे म्हणतात, ती 'काम्पुटरवर काहीतरी चांदण्यांचं' करते, आणि त्यापुढं कोणी विचारत नाही. मी विचारते. तुम्हाला ठाऊक आहे, मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. पण तुमच्याकडं गाठी बांधायला रद्दी यायची आणि मी बांधता बांधता ती वाचायचे. 'वाचती का बांधती?' 'दोन्ही.' 'मग वाचत जा, पर पुडी घट बांध.' लग्नानंतर ह्यांनी ते चालू ठेवलं. केजला बाजाराला गेले की येताना भाजीच्या पिशवीत एखादं मासिक किंवा वाचनालयाचं पुस्तक असायचं. स्वतः वाचत नसत. जेवताना म्हणायचे, 'हं, आज काय नवीन गावलं तुला?' आणि मी सांगायचे. ते गेल्यावर वाचणं सुटलं नाही, सांगणं सुटलं. त्यामुळं काल पोरीनं विचारलं, 'आत्या, दाखवू का मी काय करते ते?' तेव्हा मी हातातली भाजी तशीच टाकून उठले.

दुपारची वेळ. तिनं तो काँप्युटर थंड भट्टीच्या ओट्यावर ठेवला, उजेड नको म्हणून दार लोटलं. फटीतून उन्हाची पट्टी आत आलीच, आणि तिच्यात राख. अजूनही येते हो.

'हे बघ आत्या. हे आपलं शेजार.'

'कुनाचं? परळीचं?'

'आत्या! आपल्या आकाशगंगेचं. चारी बाजूंनी जेवढ्या दीर्घिका हायेत, त्यांचं.'

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अफाट मोठी वस्ती, अप्पा. आपली आकाशगंगा ही तसली एक. अशा दीर्घिकांचे पुन्हा घोळके असतात, शेकड्यांनी, हजारांनी एकत्र. हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. पडद्यावर सुरुवातीला काहीच नव्हतं, सगळीकडं सारखं, नुकतं विरजण घातलेल्या दुधासारखं. मी म्हटलं, 'कुठाय काय?' ती म्हणाली, 'नीट बघ. कुठं कुठं जरासं दाट हाय. लई थोडं.' मग तिनं ते चालू केलं. दाट होतं तिथं आणखी ओढलं जाऊ लागलं. जिथं विरळ होतं ते रिकामं पडत गेलं. जिथं थोडं जास्त, तिथंच जाऊन बसायचं.

'राखेसारखं!' मी एवढ्यांदा ओरडले की भावजय आतून डोकावली. 'अक्का, काय झालं?'

'काय न्हाई गं. विश्व बनायलंय.'

'बनू द्या. च्या ठेवू का?' आणि ती गेली.

मग धागे दिसले. अप्पा, कसं सांगू तुम्हाला! त्या दाट जागा नुसत्या गोळा होत नाहीत. त्या एकमेकींकडं ताणल्या जातात, त्यांच्यामधून लांबच लांब धागे निघतात, आणि धाग्यांना धागे मिळतात तिथं मोठाले उजळ ठिपके. मधे प्रचंड पोकळ्या. मी म्हटलं, हा कसला उजेड? ती म्हणाली, 'हा उजेड न्हाई. हे कृष्णद्रव्य. ते दिसतच न्हाई. आमी रंग दिलाय म्हणून तुला दिसतंय. वजन बहुतेक त्याचंच. साधा वायू त्याच्या मागं मागं येतो, त्या धाग्यांवर जमतो, निवतो, मग तारे पेटतात.'

मी त्या धाग्यांवरून बोट फिरवलं. मग म्हटलं, 'आधी दोरा, मग साखर.'

'आँ?'

'तुझा आजा म्हणायचा. अन् दोरा घालायचा राहिला तर?'

'कृष्णद्रव्य काढून? तसंबी लोकांनी चालवून बघितलंय. मग वेळेत काय जमतच न्हाई. समदं पसरलेलंच ऱ्हातं.'

मी मांडीवर थाप मारली. ओच्यातली ती सुटी पानं मला दिसली. मी तिला ती गोष्ट सांगितली आणि ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. पण नंतर तीच म्हणाली, 'पर आत्या, एक फरक हाय. इथं साचा कुनी कोरलेला न्हाई.' खरंच की. आपण दोरा बाहेरून आणून घालतो. तिथं तो कोणी घालत नाही. पहिल्या त्या जराशा कमी-जास्तपणातून, नुसत्या ओढीनं, तो आपणच विणला जातो. म्हणजे माझी उपमा अर्ध्यावर थांबते. तुम्ही असतात तर तुम्हाला हे आवडलं असतं, कोणीतरी आपल्या धंद्यापेक्षा वरचढ निघालं की तुम्ही खूश व्हायचात.

मग मी तिला जे विचारलं, ते विचारल्याचा मला अजून आनंद आहे. मी विचारलं, 'हे आपलंच शेजार कशावरनं? असलं जाळं कुठलंबी असंल.'

ती खुर्चीत सरळ झाली. 'हेच! आत्या, हेच तर माझं काम हाय.' आणि मग ती जी बोलायला लागली, की चहा निवून गेला. आधी लोक विश्व बनवायचे ते आपल्यासारखं असायचं, पण आपलं नसायचं. धागे खरे, घोळके खरे, पण कुठल्या कुठं. हे लोक उलटं करतात. आज आपल्या आजूबाजूच्या दीर्घिका कुठं आहेत आणि किती वेगानं कुठं ओढल्या जातायत, ते मोजतात. कोण कुठं ओढलं जातंय त्यावरून न दिसणारं वजन कुठं आहे ते कळतं. तिथून मागं मागं जायचं, पार सुरुवातीला, की तेव्हा दूध कुठं जरासं दाट असलं पाहिजे. आणि मग ती सुरुवात यंत्राला देऊन पुन्हा पुढं सोडायचं. बरोबर असेल, तर शेवटी आपलंच आकाश बाहेर यायला हवं.

अप्पा, मला तो होळीचा बाजार आठवला. देवळाच्या वाटेवर तुम्ही पाट मांडून बसला होतात आणि एक धिप्पाड माणूस गाठीची माळ तुमच्यापुढं आपटून म्हणाला, 'शेठ, ही काय गाठी हाय का चुना? पोरगं वकायलंय.' लोक जमले. मी तुमच्या मागं, घाबरलेली. तुम्ही माळ उचललीत, पालथी केलीत, उन्हात धरलीत आणि शांतपणे म्हणालात, 'ही आमची न्हाई.' 'कावून न्हाई? तुमच्याच दारातनं घेतली.' 'दारापुढनं कुनाकडनं घेतली असंल, साच्यातनं न्हाई आली. आमच्या तिसऱ्या पानाला टोक नसतंय. हे बघा.' आणि आपल्या ढिगातल्या कुठल्याही दोन माळा त्याच्या हातात दिल्यात. दोन्हींत तिसरं पान तुटकं. तेव्हा आपल्याकडं तो एकच साचा होता, पहिल्याच वर्षी दगडावर पडून टवका उडालेला. सुतार दुरुस्त करून देतो म्हणत होता, तुम्ही करू दिलं नाहीत. त्या माणसानं माळ फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, 'मग ही कुनाची हो?' तुम्ही पान, फूल, खाच बघत म्हणालात, 'पानाच्या शिरा उलट्या हायेत. अंबाजोगाईचा साचा. जा, त्यांना भांडा.' लोक हसले, तोही हसला, आणि जाताना आपल्याकडची माळ घेऊन गेला.

झालेल्या साखरेवरून साचा ओळखायचा. मग त्याच साच्यात पुन्हा ओतून बघायचं, तुटकं पान निघतं का. पोरगी तेच करत होती. 'मग खूण काय?' मी विचारलं. 'तुटकं पान कुठाय?'

तिनं बोट ठेवलं. 'हा बघ. कन्या राशीच्या दिशेला आपल्या जवळचा सगळ्यात मोठा घोळका. तो इथंच यायला पायजे. आला. ही आपल्या शेजारची पोकळी. आली. हा पलीकडं लांब आणखी मोठा. हाबी आला.' कन्या रास म्हणजे जिच्यात चित्रा आहे ती, अप्पा. चैत्री पुनवेला चंद्र जिच्या जवळ उभा असतो. तुमची गाठी जिच्या महिन्यात गुढीवर चढायची! मी त्या ठिपक्याकडं बघत राहिले. मग विचारलं, 'अन् आपण?'

'आपण इथं. ह्या बारक्या धाग्यावर.'

घोळक्यात नाही. परळी-बीडात नाही, वाडीवस्तीवर. एका बारीक धाग्यावर, पोकळीच्या काठाला. मला एकदम बरं वाटलं. नांदूरघाटच्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. आणि ती म्हणाली, आपल्याला त्या कन्येतल्या घोळक्याची ओढ आहे, मोजून दाखवता येते. पण मधलं अंतरच सारखं पसरतंय, त्यामुळं आपण तिथं कधी पोचणार नाही. ओढ तेवढी राहणार. मी म्हटलं, 'लग्न झालेल्या पोरीसारखं.' तिला ते कसं कळावं? तिचं अजून लग्न व्हायचंय.

खरी गोष्ट यानंतरची आहे. तिनं आपली जागा मोठी करून दाखवली. तिथं दोन दीर्घिका, शेजारी शेजारी. एक आपली आकाशगंगा, दुसरी देवयानी. बाकी सगळं विश्व लांब लांब चाललंय, आणि ह्या दोघी मात्र हळूहळू एकमेकींकडं येतायत. मी म्हटलं, 'ह्यांचं बरं जमलं.' ती म्हणाली, 'जमलं न्हाई आत्या, लई शोधावं लागलं.' मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. मोठे घोळके, मोठ्या पोकळ्या, हे मोजमापावरून पक्के होतात. कितीही वेळा चालवा, ते आपल्या जागी येतात. पण बारीकसारीक गोष्टी मोजमापात मावत नाहीत. त्या सोडून द्याव्या लागतात, दर वेळी जरा वेगळ्या. त्यामुळं ह्या दोघी दर वेळी येत नाहीत. कधी एकच मोठी येते. कधी तीन येतात. कधी दोन येतात पण इतक्या लांब, की एकमेकींचा पत्ता नाही. पुन्हा पुन्हा चालवायचं, पुन्हा पुन्हा बघायचं, तेव्हा कधीतरी अशी जोडी मिळते.

'म्हंजी आपण कधी कधी नसतोच?'

'कधी कधी नसतोच.'

मला काय झालं सांगू का अप्पा, मी हसायलाच लागले. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. मी तिला दाखव म्हटलं, ज्यात आपण नाही ते दाखव. तिनं दाखवलं. कन्येतला घोळका जागच्या जागी, पोकळी जागच्या जागी, सगळं थाटात उभं, आणि आपल्या धाग्यावर नुसता एक विस्कटलेला पुंजका. मग परत आपलं. परत दोघी. 'पुन्हा लाव,' मी म्हणत राहिले, आणि ती लावत राहिली.

मग मी ते विचारलं जे विचारणार नव्हते. मी म्हटलं, 'एवढ्या वेळा चालवतेस, तर एखाद्यात तुझे मामा बसस्टँडवर न पडता घरी आले असतील का गं?' माझे हे, अप्पा. केजच्या स्टँडवर, हातात पिशवी. पिशवीत मासिक होतं. पोरीनं माझ्याकडं बघितलं नाही, पडद्याकडंच बघत राहिली, आणि हळू म्हणाली, 'आत्या, आमच्यातला एकेक ठिपका कितीक सूर्यांच्या वजनाचा असतो. माणूस न्हाई दिसत त्यात.' तिनं मला खोटं काही सांगितलं नाही याचं मला फार बरं वाटलं. लोक सांगतात. ते वरून बघतायत म्हणतात. ही म्हणाली, दिसत नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, 'बरं. मग दोघींनाच परत दाखव.'

संध्याकाळी परत येताना केजच्या अलीकडं गाडी खूप वेळ अडकली. कारखान्यांचा हंगाम उठत आलाय, ऊसतोडीची बिऱ्हाडं शिरूर कासारकडं परत चाललीत. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, वर भांडी, शेळ्या, पोरं. शेजारची बाई वैतागून म्हणाली, 'कधी सुटायचं वो हे?' मी खिडकीला नाक लावून बसले होते. दिवाळीच्या आगेमागे सगळ्या वाड्यावस्त्यांतून निघून हीच माणसं ह्याच रस्त्यांनी कारखान्यांकडं गेली होती. रस्ते धाग्यांसारखे, आणि धागे मिळतात तिथं कारखान्यांच्या चिमण्या. मला त्या बाईला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. पण घरी येऊन दिवा लावला, भात टाकला, आणि ताटावर बसल्यावर मी रिकाम्या पाटाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, 'आज लई नवीन गावलं.' कितीतरी वर्षांनी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. भात गार झाला.

आता तुमच्याशी भांडते, अप्पा. मोठं ते आपसूक येतं. लग्न होतं, पोरी सासरी जातात, भट्ट्या बंद होतात, माणसं जातात, मोबाईलची दुकानं निघतात. कितीही वेळा चालवा, ते येणारच. पण आपली गोष्ट त्यात आपोआप येत नाही. ती शोधावी लागते, तिच्यासाठी पुन्हा पुन्हा बसावं लागतं, नाहीतर धाग्यावर नुसता विस्कटलेला पुंजका राहतो. तुम्ही म्हणालात, माणसानं दिलं तर घ्यावं. भाऊ देईलही, त्याला ठाऊकच नाही मला काय हवंय. तो म्हणाला, 'अक्का, तुला काय पायजे असंल तर सांग बरं का.' आणि मी म्हणाले, 'मला काय करायचंय?' तुमच्याच शिकवणीनं म्हणाले. ती पुण्याची पोरगी आकाशाला विचारते, तू असंच का, आणि पुन्हा विचारते, आणि आकाश काही तिला लोचट म्हणत नाही.

माझे हे गेल्यापासून मी गुढी उभारलेली नाही. नको म्हणणारं कोणी नव्हतं. मलाच वाटलं नाही. शेजारच्या पोरांसाठी केजहून गाठी आणते. त्या गाठीला सगळी पानं अख्खी असतात. कोणाची आहे ते कळत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. घडी करून त्याच मासिकात ठेवीन, जे त्या पिशवीत होतं. आणि एक कबूल करते. तिनं सांगितलेलं अर्धंअधिक मला कळलं नाही, मी मान हलवत होते. आणि तुम्हाला आकाश सांगायला बसलेय असं वर लिहिलं, तेही पुरतं खरं नाही. मला तुमची परवानगी हवी होती. पान लिहून संपत आलं तरी ती आली नाही, आणि गंमत म्हणजे मी तिची वाट बघत बसलेली नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं केजला गेले, तिथून परळीची गाडी धरली, मोंढ्याच्या बाजारात उतरून सुती दोऱ्याची एक गुंडी घेतली, आणि दारात उभी राहूनच भावाला म्हणाले, 'अप्पांचा तुटक्या पानाचा साचा मला पायजे.'